पोटातले ऋतू: वन्यप्राण्यांच्या आतड्यांतील जिवाणू काळानुसार कसे बदलतात?

मे 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आल्या. अशा स्थलांतराच्या बातम्या विदर्भात आता अधूनमधून येतच असतात आणि त्यांत आपण गळ्यातील रेडिओ कॉलर, नव्या जंगलातील भक्ष्याचे प्रमाण, आसपासच्या गावकऱ्यांची काळजी यांविषयी वाचतो. त्या वाघिणींच्या आतड्यांत बसून त्यांच्यासोबत प्रवास केलेल्या असंख्य जिवाणूंविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. नवे जंगल, नवे पाणी आणि पिंजऱ्यातील प्रवासाचा ताण यांमुळे त्या जिवाणूंचे काय होत असेल, हा प्रश्न कुतूहलापुरता नाही. खाल्लेले पचणे, आजाराला तोंड देणे आणि उपासमारीचे दिवस काढणे या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयाचे चित्र बरेच पालटले आहे. अमुक प्राण्याच्या पोटात अमुक जिवाणू असतात, अशी यादी करून थांबता येईल असे पूर्वी वाटत असे. आता दिसते आहे की ती यादी तासागणिक, ऋतूगणिक आणि वयागणिक बदलते, आणि तिच्यात काय आहे याइतकेच ती केव्हा केली हेही महत्त्वाचे आहे. या लेखात ही गोष्ट मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जिवाणू पोटात करतात तरी काय?

चितळ, सांबर, रोही आणि रानगवा हे सारे रवंथ करणारे प्राणी गवत आणि पाला खाऊन जगतात, पण गवताच्या पेशींभोवती सेल्युलोजची जी चिवट भिंत असते ती फोडणारे पाचकद्रव्य त्यांच्या शरीरात तयार होत नाही. कोणत्याही सस्तन प्राण्याच्या शरीरात ते तयार होत नाही. चितळाच्या पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा हवाबंद आणि उबदार असतो. तिथे राहणारे जिवाणू गवत आंबवतात, त्यातून सौम्य आम्ले तयार होतात आणि ही आम्लेच चितळाच्या अंगातील उर्जेचा मुख्य स्रोत ठरतात. पुढे हे जिवाणूही अन्नासोबत शेवटच्या कप्प्यात जाऊन पचतात आणि चितळाला प्रथिने पुरवतात. थोडक्यात, चितळ गवत खाते ते आधी जिवाणूंसाठी, आणि नंतर जिवाणूंनी तयार केलेल्या मालावर व खुद्द जिवाणूंवर स्वतः जगते.

आपल्या ओळखीचे काळ्या तोंडाचे वानरही जठरातल्या कप्प्यांत पाला आंबवते, जरी ते रवंथ करत नाही. हत्ती, घोडा आणि ससा यांच्यात हेच काम पचनमार्गाच्या मागच्या भागात, मोठ्या आतड्यात चालते. वाघ-बिबट्यांचे अन्न मांस असल्यामुळे त्यांचे आतडे आखूड असते आणि जिवाणूंवरचे अवलंबित्वही कमी असते, पण जिवाणू त्यांच्याही पोटात असतातच. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. त्यांतील बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो.

एका प्राण्याच्या आतड्यांत एकत्र नांदणाऱ्या या सर्व जिवाणूंना मिळून शास्त्रज्ञ ‘मायक्रोबायोम’ म्हणतात. या लेखात त्याला ‘जिवाणूसमूह’ म्हटले आहे.

या समूहाचे स्वरूप लक्षात येण्यासाठी आपल्या नागपूरच्या कळमना बाजाराकडे पाहता येईल. कोणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे जाऊन एकच छायाचित्र काढले, तर त्याला वाटेल की हा आंबिया बहाराच्या संत्र्यांचा बाजार आहे. तोच माणूस मिरचीच्या हंगामात आला तर हा लाल मिरचीचा बाजार असल्याची खात्री देईल. पहाटे लिलावाच्या वेळी आलेल्याला गर्दी दिसेल आणि दुपारी आलेल्याला रिकामे ओटे. छायाचित्र कोणतेही खोटे नसते, पण त्यांतील एकावरून बाजार कळत नाही. जिवाणूसमूहाच्या बाबतीत गेली कित्येक वर्षे बहुतेक अभ्यास अशाच एका छायाचित्रावर बेतलेले होते.

आतड्यात न शिरता जिवाणू मोजतात कसे?

वन्यप्राण्याला पकडून त्याच्या आतड्यातील नमुना घेणे कठीणही आहे आणि त्याच्यासाठी त्रासदायकही. सुदैवाने विष्ठेत जिवाणू भरपूर असतात. त्यामुळे चितळाच्या लेंड्या, हत्तीची लीद किंवा वाघाची विष्ठा ताजी असतानाच उचलली, तर प्राण्याला हातही न लावता काम होते.

आतड्यातील अनेक जिवाणू ऑक्सिजनच्या संपर्कात आले की मरतात, म्हणून त्यांना प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे अवघड असते. यावर उपाय म्हणजे त्यांचा डीएनए वाचणे. प्रत्येक जिवाणूत ‘16एस’ नावाचे एक जनुक असते, ते सगळ्यांत असूनही प्रत्येक प्रकारात थोडेथोडे वेगळे असते. कार्ल वोस या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात याच रेणूच्या तुलनेतून सूक्ष्मजीवांची वंशावळ लावायला सुरुवात केली. आज विष्ठेतील सारा डीएनए काढून त्यातील हे जनुक वाचले की कोणते जिवाणू आहेत आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण काय, हे समजते.

इथे दोन मर्यादा ध्यानात ठेवायला हव्यात. या पद्धतीने टक्केवारी कळते, एकूण संख्या कळत नाही. एखाद्या जिवाणूचा वाटा वाढलेला दिसला तर तो खरोखर वाढला असेल किंवा बाकीचे कमी झाले असतील. शिवाय विष्ठा ही पचनमार्गाच्या शेवटच्या टोकाची बातमी देते, चितळाच्या पहिल्या कप्प्यात काय चालले आहे ते त्यातून अप्रत्यक्षच समजते.

सकाळचा नमुना आणि संध्याकाळचा नमुना

कालहारी वाळवंटात मीरकॅट नावाचा, मुंगसाच्या कुळातील एक छोटा प्राणी टोळ्या करून राहतो. दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासक्षेत्रात 1993 पासून या प्राण्यांचा माग ठेवला जातो आणि प्रत्येक प्राणी संशोधकांना वैयक्तिक ओळखू येतो. या प्राण्यांची दोन दशकांहून अधिक काळ साठवलेली विष्ठा तपासून 2021 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनी या क्षेत्रातील अनेकांना आपले जुने आकडे पुन्हा तपासायला लावले असावे.

मीरकॅटच्या जिवाणूसमूहात सर्वांत मोठा फरक आढळला तो एकाच दिवसातील सकाळ आणि संध्याकाळ यांमध्ये. ऋतूंमुळे पडणारा फरक आणि आयुष्यभरात वयामुळे पडणारा फरक, दोन्ही त्याच्यापुढे फिके पडले. रात्रभर बिळात उपाशी राहिलेला मीरकॅट पहाटे बाहेर येतो तेव्हा त्याच्या पोटात क्लॉस्ट्रिडियम गटाच्या जिवाणूंचे वर्चस्व असते, आणि दिवसभर किडे शोधून खाल्ल्यावर समूहाची रचना बदलत जाते. पोषक स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात हे लक्षात घेतले, तर काही तासांत एवढी उलथापालथ होण्यात नवल नाही.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. समजा एका जंगलातील नमुने सकाळच्या गस्तीत गोळा केले आणि दुसऱ्या जंगलातील नमुने दुपारनंतर. मग दोन्ही जंगलांतील प्राण्यांचे जिवाणू वेगळे आहेत असा निष्कर्ष निघाला, तर तो फरक जंगलांचा की घड्याळाचा? नमुन्याच्या डबीवर वेळ लिहिलेली नसेल तर या प्रश्नाचे उत्तर नंतर कोणालाही देता येणार नाही.

ऋतू: पेंचच्या उन्हाळ्यापासून हिमप्रदेशातील झोपेपर्यंत

मार्चअखेर पेंचच्या जंगलात मोहाचे झाड शोधायला फार श्रम पडत नाहीत, वास आधी येतो. पहाटेच्या वेळी पिवळसर पांढरी, रसाने भरलेली फुले टपटप खाली पडत असतात आणि उजाडेपर्यंत झाडाखाली चितळांची वर्दळ झालेली असते. वर फांद्यांवर वानरे खाता खाता पाला आणि फळे खाली टाकतात, तीही चितळे वेचून खातात. महिना-दोन महिन्यांपूर्वी हीच चितळे वाळत चाललेले गवत चरत होती, आणि जूनमध्ये पाऊस पडला की हिरव्या, प्रथिनयुक्त कोवळ्या गवतावर तुटून पडतील. गवतातील सेल्युलोज फोडणारे जिवाणू वेगळे आणि मोहफुलातील साखर झपाट्याने आंबवणारे वेगळे. म्हणजे या प्राण्याच्या पोटात वर्षभर एकच समूह त्याच प्रमाणात टिकून राहील, अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. आपल्याकडच्या अस्वलाचेही तसेच आहे. वर्षाचा काही भाग ते उधळी (वाळवी) आणि मुंग्यांवर काढते, नंतर मोहफूल, टेंभरे, जांभळे आणि बोरे यांच्याकडे वळते.

ऋतूनुसार होणारा बदल किती उपयुक्त असू शकतो, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा थंड प्रदेशांतून आला आहे. स्वीडनमधील तपकिरी अस्वले हिवाळाभर गुहेत झोपून राहतात आणि त्याआधी उन्हाळ्यात भरमसाट खाऊन चरबी साठवतात. (आपली अस्वले अशी झोपत नाहीत.) संशोधकांनी याच अस्वलांची हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील विष्ठा तपासली, तेव्हा हिवाळ्यात जिवाणूंची विविधता घटलेली आढळली. मग त्यांनी पुढचे पाऊल टाकले. दोन्ही ऋतूंतील जिवाणू जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडण्यात आले. उन्हाळी जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली, तरीही त्यांची रक्तातील साखर बिघडली नाही. 2016 मधील हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण चरबी चढूनही मधुमेहाकडे न झुकणारे शरीर कसे असते, याचे एक उत्तर त्यात दडलेले आहे.

उत्तर अमेरिकेतील तेरा पट्ट्यांची एक खार जमिनीखाली सहा महिन्यांच्या आसपास काहीही न खाता पडून राहते. इतके दिवस उपाशी आणि निश्चल राहिल्यावर तिचे स्नायू झिजून जायला हवेत, पण ते फारसे झिजत नाहीत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे एक कारण सापडले. शरीरात तयार होणारा युरिया हा खरे तर टाकाऊ पदार्थ आहे, पण या खारीच्या आतड्यांतील जिवाणू तो फोडून त्यातील नायट्रोजन मोकळा करतात आणि त्यापासून बनलेली अमिनो आम्ले पुन्हा खारीच्या स्नायूंत जाऊन पोहोचतात. झोपेचा काळ जसजसा लांबतो तसतसे हे काम वाढते. नेमक्या गरजेच्या वेळी मदत वाढावी, हे यातील लक्षणीय.

चीनमधील पांडाची गोष्टही याच वर्षी पुढे आली. पांडा वर्षाचा बराच काळ बांबूची पाने खातो आणि वसंताच्या अखेरीस काही आठवडे प्रथिनयुक्त कोवळे कोंब. कोंबांच्या दिवसांत त्याच्या पोटात एक विशिष्ट क्लॉस्ट्रिडियम वाढतो, आणि त्या दिवसांतील जिवाणू उंदरांना दिले असता, आहार तोच असूनही, त्यांचे वजन अधिक वाढले.

जन्मापासून म्हातारपणापर्यंत

नुकत्याच जन्मलेल्या पाडसाचा पहिला कप्पा अगदी लहान आणि निकामी असतो. दूध त्याला वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात उतरते. पाडस आईला चाटते, तिने चरलेल्या जागी तोंड लावते, मातीत नाक खुपसते आणि हळूहळू त्याच्या पोटात गवत आंबवणारे जिवाणू वस्तीला येतात. हत्तीचे पिल्लू आईची लीद खाते ते याच कारणाने. ऑस्ट्रेलियातील कोआला मादी तर आपल्या पिल्लाला दूध सोडवण्याच्या सुमारास एक खास मऊ विष्ठा खाऊ घालते, त्यातून विषारी निलगिरी पाने पचवायला लागणारे जिवाणू पिल्लाला मिळतात. आपल्याला किळसवाणे वाटणारे हे वर्तन त्या पिल्लांसाठी दुधाइतकेच आवश्यक आहे.

पुढे समूह घडवण्यात कळपाचाही हात असतो. केनियातील अंबोसेली भागात बबून माकडांचा अभ्यास 1971 पासून सुरू आहे. तिथल्या दोन टोळ्यांवरील 2015 मधील अभ्यासात असे दिसले की जे बबून एकमेकांच्या अंगावरील केसांची निगा अधिक राखतात त्यांचे जिवाणूही अधिक सारखे असतात, मग त्यांचा आहार आणि नातेसंबंध हिशेबात घेतले तरीही.

याच बबूनांच्या हजारो नमुन्यांवरून संशोधकांनी पुढे एक गणिती पद्धत तयार केली, जी केवळ विष्ठेतील जिवाणू पाहून त्या प्राण्याचे वय अंदाजे सांगते. ज्या नरांना टोळीत वरचे स्थान असते त्यांचे जिवाणू त्यांच्या खऱ्या वयापेक्षा अधिक वयाचे भासतात. मात्र जिवाणू म्हातारे दिसणारा प्राणी लवकर मरतो, असे आढळले नाही. ‘पोटातील जिवाणू सांगतील तुमचे आयुष्य’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

पण बदल म्हणजे बिघाड नव्हे का?

माणसाच्या आरोग्याविषयी वाचताना आपल्या मनात एक समीकरण बसले आहे: पोटातील जिवाणूंचा तोल ढळला की आजार. वन्यप्राण्यांच्या बाबतीत ते जसेच्या तसे लावता येत नाही. हिवाळ्यातील अस्वलाची जिवाणू-विविधता घटते आणि तरीही ते निरोगी असते. एखाद्या समूहाला बिघडलेला म्हणण्यासाठी त्या प्राण्याचा, त्या ऋतूतील आणि दिवसाच्या त्या वेळचा नेहमीचा समूह कसा असतो ते आधी ठाऊक हवे.

शिवाय एका प्राण्याला जे घातक ते दुसऱ्याचे नेहमीचे सोबती असू शकतात. अमेरिकेतील गिधाडांच्या दोन जातींवर 2014 मध्ये झालेल्या अभ्यासात त्यांच्या आतड्यांत क्लॉस्ट्रिडिया आणि फ्युसोबॅक्टेरिया या गटांचेच प्राबल्य दिसले. या गटांतील काही जिवाणू इतर अनेक प्राण्यांना गंभीर आजारी पाडतात, पण सडलेले मांस खाणाऱ्या गिधाडाच्या पोटात ते सुखाने राहतात.

सगळेच बदलत असेल, तर प्राण्याचे स्वतःचे असे काही उरते का?

उरते, आणि ते किती उरते हे दीर्घकाळ मोजल्याशिवाय कळत नाही. अंबोसेलीतील 600 बबूनांचे 17,265 नमुने तपासून 2022 मध्ये एक प्रश्न विचारला गेला: एकाच मैदानावर राहणारे, तोच पाऊस आणि तोच दुष्काळ झेलणारे हे प्राणी, त्यांचे जिवाणूसमूह एकाच तालात बदलतात का? उत्तर बरेचसे नकारार्थी निघाले. एका टोळीतील प्राण्यांत थोडा मेळ होता, पण मुख्यतः प्रत्येक बबूनचा समूह आपापल्या वाटेने बदलत होता. त्यामुळे एका प्राण्यावरून दुसऱ्याच्या पोटात उद्या काय होईल याचे भाकीत करणे अवघड ठरते.

त्याच्या आदल्या वर्षी याच ठिकाणच्या 585 बबूनांचे 14 वर्षांतील 16,234 नमुने वापरून आनुवंशिकतेचा शोध घेण्यात आला होता. माणसांवरील आधीच्या अभ्यासांत जिवाणूसमूहाच्या थोड्याच गुणधर्मांवर आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा प्रभाव दिसला होता. बबूनांत तपासलेल्या गुणधर्मांपैकी 97 टक्क्यांवर तो आढळला, जरी बहुतेकांवर त्याचे प्रमाण लहान होते. कोरड्या ऋतूत हा प्रभाव वाढतो आणि वयानुसारही बदलतो. प्रत्येक प्राण्याचा एकेकच नमुना घेतला असता तर ऋतूंच्या गोंगाटात ही गोष्ट हरवून गेली असती.

त्याहून लांबच्या काळाकडे पाहिले तर आणखी एक पातळी दिसते. माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या आतड्यांतील काही जिवाणूंच्या वंशावळी त्यांच्या यजमानांच्या वंशावळीशी जुळतात, असे 2016 मध्ये दिसून आले. जिवाणूंच्या या शाखा सुमारे दीड कोटी वर्षे आपल्या पूर्वजांसोबत फुटत आल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ बदलणाऱ्या समूहातच इतकी जुनी सोबतही नांदते.

जिवाणूंमुळे घडते, की जिवाणू नुसते सोबत असतात?

ही शंका रास्त आहे. ऋतू बदलला की आहारही बदलतो, जिवाणूही बदलतात आणि प्राण्याचे वजनही बदलते. मग कशामुळे काय झाले हे कसे सांगणार? जंगलातील निरीक्षणांतून बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या लेखांकडे सावधपणे पाहावे. अस्वल आणि पांडा यांच्या बाबतीत उंदरांवरील प्रयोगांनी काही प्रमाणात उत्तर दिले. पण माझ्या मते सर्वांत नेटका प्रयोग अमेरिकेच्या वाळवंटी उंदरांवरचा आहे.

मोहावी वाळवंटात क्रिओसोट नावाचे विषारी राळ असलेले झुडूप हजारो वर्षांपूर्वी पसरले, आणि तिथले वुडरॅट जातीचे उंदीर ते खायला शिकले. संशोधकांनी या उंदरांना प्रतिजैविके देऊन त्यांचे जिवाणू मारले, तेव्हा त्यांना ते झुडूप पचेनासे झाले. उलट, ज्या भागात हे झुडूप नाही तिथल्या उंदरांना मोहावीतील उंदरांचे जिवाणू दिले, तर त्यांना ते विष सहन होऊ लागले. जिवाणू काढले की क्षमता गेली आणि दिले की आली, याहून स्पष्ट पुरावा मागता येणार नाही.

आपल्या ओळखीचे उदाहरण सुबाभळीचे आहे. चाऱ्यासाठी आणि वनीकरणासाठी लावलेल्या या झाडाच्या पाल्यात मिमोसिन नावाचा घटक असतो. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणारी गुरे आजारी पडत, हवाईतील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत राहत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात दाखवून दिले की फरक शेळ्यांच्या पोटातील जिवाणूंमध्ये आहे. ते जिवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांना देताच त्यांनाही पाला पचू लागला. त्या जिवाणूच्या नावात पुढे जोन्स यांचे नाव गुंफले गेले.

माणसाजवळ राहिल्यावर काय होते?

रामटेकच्या गडावर पायऱ्या चढताना भाविकांच्या हातातील फुटाण्यांची पुडी वानरे अलगद काढून घेतात. काकडी, केळी, प्रसादाचे पेढे, बिस्किटे, जे मिळेल ते खातात. तिथून काही किलोमीटरवर पेंचच्या जंगलात त्याच जातीची वानरे सागवानाच्या, साजाच्या आणि कुंभीच्या झाडांत पाला, कळ्या आणि कच्ची फळे खात असतात. पाला सावकाश आंबवण्यासाठी घडलेल्या जठरात साखर आणि पिष्ट एकदम उतरले की आम्ल झपाट्याने वाढते आणि पाला फोडणारे जिवाणू ते सोसू शकत नाहीत. भक्तिभावाने दिलेला तो घास वानराच्या पोटातील पिढ्यान्‌पिढ्यांची घडी विस्कटू शकतो, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हा धोका अधिक तीव्र असतो. गाय किंवा शेळी धान्याच्या राशीला लागली आणि पोटभर खाऊन मेली, असा अनुभव विदर्भातील अनेक पशुपालकांना आहे. कारण तेच, पोटात झपाट्याने वाढलेले आम्ल. गुरांचा चारा बदलायचा तर पशुवैद्य दोन-तीन आठवडे हळूहळू बदलायला सांगतात, कारण जिवाणूंना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला तेवढा अवधी लागतो. गावात भरकटून आलेल्या चितळाच्या पाडसाला दयेपोटी पोळी किंवा भात भरवणे म्हणूनच टाळावे आणि वनविभागाला तत्काळ कळवावे.

बंदिवासाचा परिणामही स्पष्ट आहे. 2016 मध्ये दोन जातींच्या माकडांवरील अभ्यासात असे आढळले की प्राणिसंग्रहालयात त्यांचे मूळचे अनेक जिवाणू नाहीसे होतात आणि त्यांची जागा आधुनिक माणसाच्या आतड्यांत आढळणारे जिवाणू घेतात. आहारातील तंतुमय पाल्याची घट हे त्याचे एक महत्त्वाचे कारण दिसते. नागपूरच्या गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्स येथील वन्यप्राणी उपचार केंद्रांत आणलेल्या प्राण्याला जीव वाचवण्यासाठी प्रतिजैविके द्यावीच लागतात आणि ती द्यायलाच हवीत. प्रश्न एवढाच आहे की जखम भरली म्हणजे त्याचे पोटही जंगलासाठी तयार झाले, असे गृहीत धरावे का?

प्रतिजैविकांचा ठसा जंगलात किती दूर पोहोचतो, हे स्वीडनच्या संग्रहालयांतील अस्वलांच्या कवट्यांनी सांगितले आहे. हा पुरावा आतड्यातील नसून दातांवर साचलेल्या किटणातील आहे, पण काळाच्या दृष्टीने अमूल्य आहे. सुमारे 200 वर्षांतील दातांचे किटण तपासल्यावर असे दिसले की माणसाने प्रतिजैविके मोठ्या प्रमाणावर वापरायला लागल्यानंतर अस्वलांच्या तोंडातील जिवाणूंमध्येही त्यांना न जुमानणारी जनुके वाढली. स्वीडनने 1986 मध्ये जनावरांच्या वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर बंदी आणली आणि 1990 च्या दशकात माणसांसाठीही त्यांचा वापर आवरला. अलीकडे जन्मलेल्या अस्वलांत त्या जनुकांचे प्रमाण पुन्हा खाली आलेले आढळले. ज्यांना कोणी कधी गोळी दिली नाही त्या प्राण्यांपर्यंत एका देशाचे औषधधोरण पोहोचले, चढतानाही आणि उतरतानाही.

मग प्राण्यांना सरळ चांगले जिवाणू का देऊ नयेत?

दुकानात मिळणारे प्रोबायोटिक माणसासाठी किंवा पाळीव जनावरांसाठी बनवलेले असते, आणि त्यातील मोजके जिवाणू जंगली प्राण्याच्या पोटात टिकतीलच असे नाही. त्यापेक्षा त्याच जातीच्या निरोगी, जंगली प्राण्याच्या विष्ठेतील समूह देणे तर्काला धरून आहे. कोआलांवर असा प्रयोग झाला असून, एका जातीच्या निलगिरीवर जगणाऱ्या कोआलांच्या विष्ठेतील जिवाणू कॅप्सूलमधून दिल्यावर काही कोआला ती पाने अधिक खाऊ लागले. पण विष्ठेबरोबर जंत आणि रोगजंतूही जाऊ शकतात. त्यामुळे तपासणीविना हे करणे धोक्याचे आहे. त्याहून सोपे आणि आजच करता येण्याजोगे आहे ते म्हणजे उपचाराखालील तृणभक्षी प्राण्याला शक्य तितका त्या हंगामातील जंगलाचा पाला देणे.

विदर्भात काय करता येईल?

वाघांची गणना आणि त्यांचे भक्ष्य यांच्या अभ्यासासाठी भारतातील जंगलांत विष्ठा गोळा करण्याची सवय वनकर्मचाऱ्यांना आणि संशोधकांना आहेच. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधनाचे केंद्र आहे, पेंच, बोर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही जंगले हाताशी आहेत आणि ताडोबाही दूर नाही. गरज आहे ती एकाच ठिकाणाहून, शक्य असेल तिथे ओळखीच्या प्राण्यांचे, वर्षानुवर्षे नमुने घेत राहण्याची. डबीवर तारीख, तास, ठिकाण आणि आसपास काय खाल्ले गेले हे लिहिलेले असावे आणि नमुना लवकरात लवकर गोठवला जावा. स्थलांतर करायच्या प्राण्याचे निघण्यापूर्वीचे, बंदिवासातील आणि सोडल्यानंतरचे नमुने असतील, तर नव्या जंगलात त्याचे पोट किती दिवसांत स्थिरावते याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागणार नाही.

इतके नमुने आज तपासायला पैसा कुठून आणायचा, अशी अडचण लगेच पुढे येईल. ती खरी आहे, पण नमुने आजच तपासले पाहिजेत असे नाही. अंबोसेलीतील बबूनांची विष्ठा मुळात त्यांची संप्रेरके मोजण्यासाठी जमवली होती. तिथे ती अल्कोहोलमध्ये ठेवून, नंतर गोठवून वाळवली जाई आणि तिची पूड शून्याखाली 20 अंशांवर साठवली जाई. जिवाणूंचा डीएनए स्वस्तात वाचता येण्याचे दिवस आले, तेव्हा त्याच पुड्या पुन्हा उघडण्यात आल्या आणि वर उल्लेख केलेले 16,234 व 17,265 नमुने त्यांतूनच मिळाले.